आधी आवाज, मग चित्र

मेलबर्न
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

सुरुवात बाबांच्या पद्धतीने केली आहे. पुढचं माझ्या पद्धतीने.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणारच. फोनवर काय होतं? तू विचारतेस जेवलीस का, मी हो म्हणते, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, बाबा आतून ओरडतात "तिला सांग कान बांधून जा", आणि बोलायचं ते राहूनच जातं. (बाबा, इकडे आता उन्हाळा तोंडावर आलाय. तीन वर्षं हे सांगतेय.) म्हणून लिहायला बसले. दादाला पीडीएफ पाठवते. दादा, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या टायपात प्रिंट काढ. बाबांच्या डोळ्याला ताण नको.

फराळ पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, तो दह्यात घालून खाल्ला, वाया काही गेलं नाही. लाडू अख्खे होते. ड्यूटी, ट्राम, भाजीचे भाव हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे, ते सोडून देते.

आधी महिलांच्या क्रिकेट वर्ल्डकपच्या सेमीफायनलचं सांगते, कारण बाबांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा "मस्त झाली" म्हणून मोकळी झाले. गुरुवारी ३० ऑक्टोबरला वृद्धाश्रमात माझी नाईट होती. तुमच्याकडे दुपारी तीनला मॅच सुरू झाली तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ. नऊ नंबरच्या खोलीतल्या आजींबद्दल मागे सांगितलं होतं ना, एक्याण्णव वर्षांच्या, ज्यांना झोप येत नाही आणि झोपेची गोळी घ्यायला ज्या भांडतात, त्या. त्यांच्या नातवाने टॅबवर मॅच लावून दिली होती. आवाज पूर्ण बंद, कारण शेजारच्या खोल्यांमध्ये माणसं झोपलेली. मी दर तासाला फेरी मारत होते आणि प्रत्येक फेरीत त्यांच्या दारात जरा जास्तच रेंगाळत होते. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ झाल्या तेव्हा आजींनी मला हळूच एक बिस्किट दिलं, सांत्वनासाठी. मीही घेतलं. ३३९ महिलांच्या वनडेत कधी कुणी पाठलाग करून काढल्याच नव्हत्या.

मग जेमिमा. ८२ वर असताना तिचा कॅच उडाला, अलिसा हिली खाली उभी राहिली, हातात आला आणि सुटला. आजींनी डोळे मिटून घेतले. आवाज नसलेली मॅच कधी बघितलीये का? फार विचित्र लागतं. हजारो माणसं तोंड उघडून ओरडताहेत आणि खोलीत फक्त ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. पहाटे चारच्या सुमाराला अमनजोतने शेवटचा चौकार मारला. नाबाद १२७ करून जेमिमा रडत होती, आणि मी एका हातात बीपीचं मशीन धरून उभी. आजी म्हणाल्या, "आता माझ्या गोळ्या दे, आणि बिस्किट परत दे." बिस्किट मी खाल्लं होतं.

मग त्यांनी विचारलं, हे डी. वाय. म्हणजे काय? स्क्रीनवर सारखं स्टेडियमचं ते नाव येत होतं. मी म्हटलं, ज्ञानदेव यशवंतराव. त्यांना ते म्हणायला शिकवण्यात दहा मिनिटं गेली. 'ज्ञा'पाशीच गाडी अडली. मग म्हटलं, आजी, तो जो दिव्यांचा खांब दिसतोय ना, तो आमच्या गॅलरीतून दिसतो. त्यांनी चष्मा लावून टॅब नाकाशी नेला. खांबामागे आमची गॅलरी दिसेल असं त्यांना वाटलं असावं.

इथे तीन वर्षं मी "मुंबई" सांगत आले. नेरूळ, सिडको, पाम बीच रोड, फ्लेमिंगो हे कुणाला सांगत बसायचं? त्या आठवड्यात पहिल्यांदा असं झालं की मी "नवी मुंबई" म्हटलं आणि समोरच्याने मान हलवली. ड्यूटी सुटल्यावर शुक्रवारी सकाळी जिथे कॉफी घेते तिथला माणूस आजवर साखर किती यापलीकडे माझ्याशी बोलला नव्हता. कप देताना म्हणाला, तुमच्या त्या मुलीने आमची पार वाट लावली. आणि हसला. कॉफीचे पैसे मात्र घेतले.

आई, तू ३१ ऑगस्टच्या, बाहेरून येणाऱ्यांविरुद्धच्या मोर्च्यांचं विचारत होतीस. हो, निघाले होते, मेलबर्नमध्येही, आणि भारतीयांविरुद्ध बोलणारी माणसं त्यात होती. तुम्ही टीव्हीवर पाहिलंत तेवढंच मी पाहिलं. त्या दिवशी मी बाहेर पडले नाही, कारण रविवार होता आणि कपडे धुवायचे होते. मला कुणी काही बोललेलं नाही. एकदा ट्राममध्ये एक जण बोलला, पण तो प्यायलेला होता आणि सगळ्यांनाच बोलत होता. कॉफीवाला त्या मोर्च्यात होता की नव्हता मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. तर रोज रात्री "पोचले" असा मेसेज करते त्यावर समाधान मान. दोनदा फोन करू नकोस, मोबाईल लॉकरमध्ये असतो.

बाबांचा प्रश्न. "आता ऑस्ट्रेलिया हरली की तुला वाईट वाटतं का गं?" विचारलंत हसत, पण मला कळलं. बाबा, नाही वाटत. हिलीचा कॅच सुटला तेव्हा आजींच्या तोंडाकडे बघून वाटलं, पण ते आजींसाठी. इथली माणसं खेळ म्हटलं की वेडी होतात, आपल्यासारखीच, पण आपण क्रिकेट सोडून बाकी सगळ्याला डुलक्या काढतो आणि हे लोक कशाच्याही मागे धावतात. २०२३ मध्ये इथे महिलांच्या फुटबॉलचा वर्ल्डकप होता. फ्रान्सविरुद्ध पेनल्टी चालल्या होत्या त्या संपेचनात, एकूण वीस मारल्या, आणि आमच्या वॉर्डातला एक आजोबा जेवणाचा चमचा तोंडाशी धरून पंधरा मिनिटं तसाच. ऑस्ट्रेलिया ७-६ ने जिंकली तेव्हा सूप पार थंडगार. कुठल्या देशाचं काय, हे त्या चमच्याला कुठे कळतं?

आता फायनल, दक्षिण आफ्रिकेशी झाली ती. आई, हे तुझ्यासाठी लिहितेय, कारण तू म्हणालीस "तुला कसलं दिसलं, तू तर फोनवरच होतीस."

पाऊस पडला म्हणून तुमच्याकडे पाचला सुरू झाली, म्हणजे इथे रात्रीचे साडेदहा. दादा आणि छोटी स्टेडियममध्ये. बाबा हॉलमध्ये काळा चष्मा लावून, टीव्हीपासून लांब बसायला सांगितलेलं असताना सोफ्याच्या टोकावर (वहिनीने फोटो पाठवला होता, नाकारू नका). आणि तू गॅलरीत, फोन तुळशीच्या कुंडीला टेकवून ठेवलेला, मला आवाज ऐकू यावा म्हणून. तू मधूनमधून आत जात होतीस, पण फोन तिथेच. मला तुळशीच्या मंजिऱ्या आणि वर तो पांढरा उजेड, एवढंच दिसत होतं.

तुला एक गंमत सांगू? मैदानावर विकेट पडली की आधी तुझ्या गॅलरीत आवाज यायचा. धो धो. मग पाचेक सेकंदांनी आतून बाबा ओरडायचे "आऊट!" कारण आपला टीव्ही मैदानाच्या मागे. आणि मग चांगला अर्धा मिनिट गेल्यावर माझ्या लॅपटॉपवर बोलर धावायला लागायची. म्हणजे मला विकेट आधीच माहीत असायची. बिचारी बॅट्समन खेळपट्टीवर बॅट आपटत उभी असायची, तिला अजून काही माहीत नाही, आणि मला नेरूळच्या एका कुंडीने सगळं सांगून टाकलेलं. दीप्तीच्या पाच विकेटी, त्यातली प्रत्येक मी तीनदा जगले. शफालीच्या दोन्ही तशाच. ती मुळात संघातही नव्हती ना! प्रतिका त्याच मैदानावर दुखावली म्हणून हिला बोलावलं, आणि हिने ८७ केल्या.

दोन वेळा मी मुद्दाम डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. फटाक्यांचा वेगळा, माणसांचा वेगळा. मधेच सर्व्हिस रोडवरून एक रिक्षा गेली, तिचाही. तो आवाज मी २०२२ पासून ऐकला नव्हता.

आणि शेवटी हरमनप्रीतने मागे पळत जाऊन कॅच घेतला, त्या वेळी मी काय केलं? मी लॅपटॉप बंद केला. तुझ्या गॅलरीतून कळलंच होतं. तू आत पळालीस, बाबा काहीतरी बोलत होते आणि त्यांचा आवाज फुटत होता. अमोल मुजुमदार, अमोल मुजुमदार असं आपल्या पोरींच्या कोचचं नाव दोनदा ऐकलं. १९८८ ची तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागीदारी आणि पॅड बांधून नुसता बसून राहिलेला मुजुमदार ही गोष्ट तुम्ही मला शंभरदा सांगितली आहे, बाबा. त्या रात्री पुन्हा सांगितली असतीत तरी ऐकली असती. पण फोन कुंडीपाशीच राहिला होता.

आई, दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "वोल्वार्टचा कॅच अमनजोतच्या हातातून दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा बसला, तेव्हा तुझ्या बाजूने कोण गं ओरडलं? पुरुषाचा आवाज होता." मी म्हटलं शेजारचा टीव्ही. त्याचं खाली लिहिते. आधी घोड्यांचं.

बाबा, मंगळवारी मी "आज घोड्यांची सुट्टी" म्हटलं आणि तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. आबाकाकांचं महालक्ष्मीचं प्रकरण मला माहीत आहे, काकूंच्या पाटल्या कुठे गेल्या तेही माहीत आहे. म्हणून नीट सांगते, नाहीतर मनात धरून बसाल.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी इथे मेलबर्न कप नावाची शर्यत असते आणि तिची सरकारी सुट्टी असते. सरकारी. गणेश चतुर्थीला असते तशी. बँका बंद, शाळा बंद. शर्यत किती वेळाची? तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. ३२०० मीटर, जास्तीत जास्त २४ घोडे. दुपारी तीनला सुटतात, आणि चहाला आधण ठेवलं असेल तर ते उकळायच्या आत संपतं. १८६१ पासून हे चाललंय. बरं, मंगळवारी सुट्टी म्हटल्यावर सोमवारी कोण कामावर येतो? अर्धं शहर रजा टाकतं. सुट्टीही खरं तर मेलबर्नची. राज्यातली काही बाहेरची गावं त्याऐवजी आपल्या स्थानिक जत्रेला किंवा शर्यतीला घेतात, आपल्याकडे कलेक्टर जाहीर करतो तशी.

बायका त्या दिवशी डोक्यात पिसं, जाळी, कापडी फुलं असं काहीतरी खोचतात. ती धड टोपी नसते, धड गजरा नसतो. सकाळी नऊला ट्राममध्ये सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या, आणि संध्याकाळी सहाला त्याच सगळ्या सँडल हातात घेऊन अनवाणी. ज्याला वर्षभर घोड्याची पुढची बाजू कुठली ते माहीत नसतं तो माणूसही त्या दिवशी ओल्या ट्रॅकवर कोण चांगला पळतो यावर बोलतो. मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, एवढं काय आहे त्यात? एका सिस्टरने उत्तर दिलं, "सुट्टी आहे." याच्यापलीकडे कारण मला आजतागायत मिळालेलं नाही. आणि ही एकच नाही. सप्टेंबरच्या शेवटी इथल्या फुटबॉलची फायनल असते (चेंडू लांबट, मैदान क्रिकेटचं, एका बाजूला अठरा जण, नियम विचारू नका). मॅच शनिवारी, पण सुट्टी शुक्रवारी, कारण शुक्रवारी खेळाडूंची मिरवणूक! या वर्षी फायनलला जिलाँग आणि ब्रिस्बेन होते. मेलबर्नचा एकही संघ नाही, तरी मेलबर्नला सुट्टी.

तर जुगाराचं. मी रेसकोर्सवर गेले नाही. मी ड्यूटीवर होते, सुट्टीच्या दिवशी दुपटीहून जास्त पैसे मिळतात म्हणून मुद्दाम मागून घेतली. आमच्या होममध्ये चिठ्ठ्या टाकतात. धुतलेल्या किडनी ट्रेमध्ये सगळ्या घोड्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, चिठ्ठीला दोन डॉलर, एकाला एकच. हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉपेक्षा जास्त काही नाही. माझा घोडा कुठेतरी मागे राहिला, कॅमेऱ्यातही आला नाही. नऊ नंबरच्या आजींना आला 'हाफ युअर्स'. आणि तोच जिंकला. त्याच्यावर कोण होतं? जेमी मेल्हम, बाई! इतक्या वर्षांत ही शर्यत जिंकलेली दुसरीच. पहिली मिशेल पेन, २०१५ साली. आणि आई, जेमीचा नवराही जॉकी आहे आणि त्याच शर्यतीत दुसऱ्या घोड्यावर होता. नवरा मागे, बायको पहिली. तू हे भिशीच्या बायकांना सांगणार, मला माहीत आहे.

रविवारी नेरूळला पोरींनी कप उचलला आणि मंगळवारी इथे ही. डोक्यावर कागदाची टोपी घातलेल्या आजी व्हीलचेअरमध्ये बसून टाळ्या वाजवत होत्या. मिळाले तीस डॉलर. त्यांनी पंधरा मोजून माझ्या हातात ठेवले, म्हणाल्या नावच आहे ना, अर्धं तुझं. आम्हाला घेता येत नाहीत, नियम आहे, दोन रुपयांची वस्तूसुद्धा लिहून ठेवावी लागते. शेवटी सगळ्यांसाठी केक आणला. तर बाबा, माझ्या जुगाराची एकूण कमाई म्हणजे केकचा एक तुकडा, नारळाचा कीस लावलेला.

आता पैशाचं लिहिते, मग ते दुसरं.

शिक्षणकर्जाचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरात गेला. संपलं. बँकेतून नो ड्यूज सर्टिफिकेट आणि घराचे मूळ कागद सोडवून आणायचे आहेत. त्याला बाबांनाच जावं लागेल, सहकर्जदार म्हणून सही तुमची आहे. दादाला बरोबर घ्या. करारनामा, शेअर सर्टिफिकेट, सिडकोचं पत्र, सगळं मोजून घ्या आणि मगच पोचपावतीवर सही करा. मागे त्या काउंटरवर तुम्हाला दोन तास उभं केलं होतं ते मी विसरलेले नाही. माझ्यासाठी तुम्ही राहतं घर तारण ठेवलंत, आणि तीन वर्षांत त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. आबाकाकांनी पाटल्या घालवल्या म्हणून आपण त्यांना अजून नावं ठेवतो. मी तर अख्खं घर लावलं होतं. घोडा पोचला, एवढंच.

आणि बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पाठवलेले साठ हजार तुम्ही माझ्याच नावावर एफडीत टाकलेत. दादाने सांगितलं, त्याला रागावू नका. मी ते पैसे रागावून पाठवले नव्हते, तुम्ही का परत केल्यासारखे ठेवलेत? ऑपरेशनच्या दिवशी मी नव्हते, निदान पैसे तरी असू द्यायचे होते. मोडा ती एफडी.

डिसेंबरात मी येत नाही. नाताळात आमच्याकडे रजा मिळत नाही, हे खरं कारण आहे, बहाणा नाही. विमानतळ उलव्याला झाला, उद्घाटनही झालं, आता तू घरापाशीच उतरशील असं बाबा म्हणत होते. बाबा, मेलबर्नहून तिथे अजून थेट विमान नाही, पण उतरेन एक दिवस. मी फेब्रुवारीत येते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तेवढं पुढे ढकला, डॉक्टरांना विचारून. थेंब मी घालेन, चार वेळा, घड्याळ लावून. पहिल्या वेळी आईचा हात थरथरायचा आणि थेंब गालावर पडायचे, हे मी व्हिडिओ कॉलवर बघितलंय.

एकटी येणार नाही.

आई, तो शेजारचा टीव्ही नव्हता. फायनल मी एकटीने बघितली नाही. ओरडला तो, कारण तो दक्षिण आफ्रिकेचा आहे. डरबनचा. आधी बसून घे, आणि बाबांना पाणी दे.

आडनाव पिल्ले. हसू नका. मूळचे तमिळ. त्याच्या खापरपणजोबांना इंग्रजांनी मद्रासहून डरबनला ऊस तोडायला नेलं, आपल्याकडची टोळी कोयते घेऊन जाते तसं, फक्त समुद्रापार आणि पाच वर्षांच्या करारावर. तसं पहिलं जहाज डरबनला लागलं १६ नोव्हेंबर १८६० ला, म्हणजे आजच्याच तारखेला. त्याच्या घरी आज दिवा लावतात. सकाळी त्याने इथेही लावला आणि मला म्हणाला, तू घरी कधी सांगणार आहेस? म्हणून आज लिहायला बसले.

विचारायच्या आधी उत्तरं देते. वय तेहतीस. पहिलंच लग्न. इलेक्ट्रिशियन आहे, इंजिनिअर नाही, आणि इथे इलेक्ट्रिशियन माझ्यापेक्षा जास्त कमावतो, तेव्हा मामाला काय सांगायचं ते ठरवा. आमच्या होमच्या कॉलबेल बिघडल्या होत्या तेव्हा दुरुस्तीला आला होता. गोमांस खात नाही. त्याच्या घरी थायपुसमला, म्हणजे मुरुगनच्या सणाला, खांद्यावर कावडी घेतात. बाबा, तुम्ही शिखर शिंगणापूरच्या कावडी पाहिल्या आहेत, तशीच काहीतरी भक्ती समजा. स्वयंपाक करतो. त्यांच्याकडे पावाचं पोट कोरून त्यात रस्सा भरतात, त्याला बनी चाव म्हणतात, सशाचा काही संबंध नाही. मी त्यात तुझा गोडा मसाला घातला होता. सांगू नये, पण बरं लागलं. मराठी येत नाही. "कांदा" आणि "अगं" एवढं येतं.

हरल्यावर कसा वागतो ते मी नीट पाहिलं. बार्बाडोसला २०२४ मध्ये सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला कॅच तो अजून मान्य करत नाही, दोर सरकला होता म्हणतो. तरी त्या पहाटे साडेपाचला, वोल्वार्टचं शतक वाया गेलेलं असताना, तो काही न बोलता उठला आणि चहा टाकला. दोन कप. आलं किसून. मग तुझा फोन अजून चालू आहे हे त्यानेच दाखवलं. तुळस दिसत होती आणि मागे फटाके.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी ठेवली आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात आपला संघ पहिल्यांदा दक्षिण आफ्रिकेत टेस्ट खेळला ती किंग्जमीडला, डरबनमध्ये. तेंडुलकरला टीव्ही बघून रनआऊट दिलं तीच ती. तिथे पहिल्याच टेस्टमध्ये प्रवीण आमरेने १०३ केल्या. याचे वडील त्या दिवशी मैदानात होते. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या घरात कुणीही पाहुणा संघ आला की त्याच्याच बाजूने ओरडायचे, आणि आता आपलीही बाजू आहे की काय, यावर त्या दिवशी बाप-लेकात भांडण झालं होतं. मी मुंबईची म्हटल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? जात नाही, पगार नाही. "आमरे काय करतो आता?" मी म्हटलं, माझ्या बाबांना विचारून सांगते.

तेही फेब्रुवारीत येऊ म्हणताहेत, दोघंही. हॉटेलात उतरतील. आपल्याकडे जागा नाही हे मी सांगितलंय, तरी आई, तू पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घालशीलच.

मी लगेच उत्तर मागत नाही. पण रविवारी फोन करेन तेव्हा दोघांनीही समोर बसा. बाबा आतून ओरडणार असतील तर मी ठेवून देईन. खरं तर ठेवणार नाही.

छोटीला पापा. वहिनीला नमस्कार.

तुमची
मनू

ता. क. दादा, प्रिंट काढताना तू हे सगळं वाचलं असणार. शेवटची दोन पानं "झेरॉक्सवाल्याकडे राहिली" असं करू नकोस. आणि बाबांना आमरेचं आधी वाचून दाखव.